पळवापळवी प्रौढांची, शिक्षा मुलांना

अमेरिकेतील इंडियाना आणि टेनेसी या दोन राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांनी २०२५ साली आपल्या नियमपुस्तिकेतील एक जुने कलम सैल केले. विद्यार्थ्याने राहते घर न बदलता केवळ शाळा बदलली, तर नव्या शाळेच्या संघातून खेळण्यावर त्याला ठरावीक काळ बंदी किंवा मर्यादा असे. ही अडचण आता पहिल्या शाळाबदलापुरती, काही अटींवर, दूर झाली आहे. फ्लोरिडाने हाच मार्ग २०१६ च्या कायद्याने आणि वेस्ट व्हर्जिनियाने २०२३ च्या कायद्याने आधीच मोकळा केला होता. एकेका राज्यात होत असलेला हा बदल वरकरणी क्रीडापानाच्या कोपऱ्यात शोभेल असा आहे. परंतु त्यामागचा प्रश्न खेळाचा कमी आणि शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेचा अधिक आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगच्या गुणाला बाजारभाव आला म्हणजे त्याच्या शाळेचे, कुटुंबाचे आणि अभ्यासाचे काय होते, असा तो प्रश्न आहे.

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांच्या शिक्षणाला ‘हायस्कूल’ म्हणतात. तेथील आंतरशालेय सामन्यांचा कारभार प्रत्येक राज्याची स्वतंत्र संघटना पाहते. १९२० पासून अस्तित्वात असलेला राष्ट्रीय महासंघ खेळाचे नियम करतो, पण कोणी कोणत्या शाळेकडून खेळावे हे ठरविण्याचा अधिकार राज्य संघटनेचाच. सुमारे साडेपाच लाख मुलगे या शाळांमधून बास्केटबॉल खेळतात. इतर खेळांतही मुलांची ओढाओढ होते. परंतु बास्केटबॉलमध्ये ती विशेष तीव्र असण्याला खेळाच्या रचनेतच कारण आहे. मैदानावर एका बाजूचे खेळाडू पाचच. एक उंचापुरा आणि कसबी मुलगा संघात आला की एक पंचमांश संघ एका रात्रीत बदलतो. अकरा जणांच्या खेळात जे साधण्यास दोन-तीन मुले आणावी लागतील, ते येथे एका मुलाने साधते. एका मुलाची किंमत जेथे एवढी वाढते, तेथे त्याला मागणी घालणारे गप्प बसत नाहीत.

गावची शाळा, गावचा संघ

शाळाबदलाविरुद्धच्या नियमांमागे एक आदर्श उभा आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप इंडियानातच सापडते. १९५४ साली त्या राज्यातील मायलन या खेड्याच्या शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकले. शाळेची पटसंख्या होती अवघी १६१. अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या कितीतरी मोठ्या शाळेचा तिने ३२-३० असा पराभव केला. त्या काळी लहानमोठ्या सर्व शाळांसाठी एकच स्पर्धा असे; पटसंख्येनुसार वर्गवारी इंडियानात १९९७-९८ च्या हंगामापासून आली. मायलनच्या त्या विजयावर पुढे ‘हूजियर्स’ हा चित्रपट बेतला गेला. जवळपासच्या घरांतून आलेली, एकत्र वाढलेली मुले, त्यांचा एक प्रशिक्षक आणि पाठीशी उभे असलेले सारे गाव, हे चित्र अमेरिकन मनात तेव्हापासून कोरले गेले आहे.

परंतु याच कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. अंतिम फेरीच्या वाटेवर मायलनने ज्या संघांना हरविले, त्यांत इंडियानापोलिस शहरातील क्रिस्पस अॅटक्स ही शाळा होती. १९२७ साली उघडलेल्या या शाळेचे प्रयोजनच कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळे ठेवणे हे होते. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ऑस्कर रॉबर्टसन याच्या खेळाच्या बळावर अॅटक्सने राज्य अजिंक्यपद मिळविले आणि १९५६ मध्ये ते राखले. कोणत्या मुलाने कोणत्या शाळेत जावे हे त्याचा पत्ता ठरवितो असे म्हटले, तर तो पत्ता कोणी ठरविला, हेही विचारावे लागते. अमेरिकेतील सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. ज्या वस्तीत घरे महाग तेथील शाळा सुस्थितीत, ज्या वस्तीत घरे स्वस्त तेथील शाळा ओढगस्तीत, अशी ही व्यवस्था आहे. तेव्हा ‘ज्या वस्तीत राहता त्याच शाळेकडून खेळा’ हा नियम ऐकावयास न्यायाचा वाटला तरी तो एका अन्यायाच्या पायावर उभा आहे. सद्यःस्थितीचे विवेचन करताना जुन्या निरागस काळाच्या आठवणी काढणारे ही गोष्ट विसरतात.

नियम कोणाला बांधतात?

राज्य संघटनांच्या नियमांचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला भाग शाळेला लागू होतो: खेळासाठी म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला आमिष दाखवून आणू नये. दुसरा विद्यार्थ्याला लागू होतो: कुटुंबाने खरोखर बिऱ्हाड हलविल्याखेरीज शाळा बदलली तर काही महिने किंवा वर्षभर मुख्य संघाबाहेर बसावे. शिवाय नववीत प्रवेश केल्यापासून आठ सत्रांपुरतीच खेळण्याची पात्रता राहते. म्हणजे वर्षभर बाहेर बसविलेला मुलगा आपल्या साऱ्या शालेय क्रीडाजीवनाचा चौथा हिस्सा गमावतो.

यांपैकी पहिला नियम सिद्ध करणे महाकठीण. आमिष कागदावर दिले जात नाही. ते उन्हाळी शिबिरातील एका वाक्यात, एखाद्या माजी विद्यार्थ्याने वडिलांना देऊ केलेल्या नोकरीत किंवा फीसवलतीच्या गोड शब्दांत लपलेले असते. दुसरा नियम लावणे मात्र फार सोपे, कारण शाळा बदलल्याचा दाखला समोर असतो आणि घराचा पत्ता पडताळून पाहता येतो. परिणामी ज्याने बोलाविले तो बहुधा सुटतो आणि जो गेला तो सापडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण या व्यवस्थेला जशीच्या तशी लागू पडते.

बिऱ्हाड हलविण्याच्या अटीतही एक आर्थिक विषमता दडलेली आहे. ज्या पालकाला हव्या त्या शाळेच्या हद्दीत घर विकत किंवा भाड्याने घेणे परवडते, त्याचा मुलगा नियमाप्रमाणे त्याच दिवसापासून खेळावयास मोकळा. ज्याला ते परवडत नाही, त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: जेथे आहे तेथे राहणे, नाही तर नातेवाइकाचा पत्ता दाखवून खोटे बोलणे. दक्षिण कॅलिफोर्नियातील शालेय क्रीडा विभागाने २०२५ च्या हंगामात खोटी कागदपत्रे दिल्याबद्दल अनेक विद्यार्थ्यांना अपात्र ठरविले. खोटेपणाचे समर्थन कोणी करणार नाही. पण एकाच कृतीला पैसा असला तर ‘स्थलांतर’ आणि नसला तर ‘लबाडी’ असे नाव मिळते, हेही नजरेआड करता येत नाही.

मराठी वाचकाला येथे जवळचे एक उदाहरण आठवेल. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला तो रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने, क्रिकेटसाठीच. आणि सराव सोयीचा व्हावा म्हणून तो आईवडिलांचे घर सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या जुन्या नियमाच्या कसोटीवर हे सारे प्रकरण संशयास्पद ठरले असते. कुटुंब हललेले नाही, मुलगा नातेवाइकांकडे आणि बदलाचा हेतू उघडउघड खेळाचा! त्याला वर्षभर शालेय सामन्यांतून बाहेर बसविले असते तर त्यात शिक्षणाचे किंवा खेळाचे कोणते हित साधले असते, याचे उत्तर देणे अवघड आहे. सर्व शाळाबदल सारखे नसतात, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

बाजार कसा उभा राहिला?

पूर्वी मुलांची ओढाओढ करणारे शेजारपाजारचे प्रशिक्षक असत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या मागे फार मोठ्या शक्ती येऊन उभ्या राहिल्या आहेत. बुटांच्या कंपन्यांना उद्याचा नामवंत खेळाडू आजच हेरून ठेवावयाचा असतो. सनी व्हॅकारो या गृहस्थाने १९८४ साली निवडक शालेय खेळाडूंचे एक उन्हाळी शिबिर सुरू केले. त्याला पुढे एकामागून एक बूट-कंपन्यांचा आश्रय मिळत गेला. शाळेच्या हंगामाबाहेर चालणारे, कंपन्यांच्या पैशावर देशभर फिरणारे उन्हाळी संघ ही त्यानंतर एक समांतर व्यवस्थाच झाली. या संघांत वेगवेगळ्या शाळांची मुले एकत्र येतात, त्यांची आणि त्यांच्या पालकांची मैत्री जमते, आणि हिवाळा येण्यापूर्वी त्यांतील काही जण एकाच शाळेत दाखल झालेले दिसतात. शाळेने कोणाला बोलाविले नाही असे ती शपथेवर सांगू शकते. बोलावणे दुसऱ्याच वाटेने गेलेले असते.

या बाजाराची विसंगती लेब्रॉन जेम्सच्या प्रकरणात जगाला दिसली. ओहायो राज्यातील अॅक्रन येथील सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या खासगी शाळेत तो शिकत होता. फेब्रुवारी १९०२ नव्हे, २००२ मध्ये, म्हणजे शाळकरी वयातच, तो एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याचे सामने पाहावयास एवढी गर्दी लोटू लागली की शाळेने ते विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात नेले. काही सामने देशभर दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. २००३ च्या आरंभी एका दुकानाने त्याला दोन जर्सी भेट दिल्या. किंमत ८४५ डॉलर. एवढ्यावरून राज्य संघटनेने त्याला अपात्र ठरविले. न्यायालयाच्या हस्तक्षेपाने तो पुन्हा खेळू शकला. त्याच वर्षी शाळा संपताच त्याने नाइकी कंपनीशी केलेला करार सुमारे नऊ कोटी डॉलरचा होता. तिकिटे, प्रक्षेपण आणि जाहिराती यांच्या द्वारे इतर सर्वांनी त्या मुलाच्या खेळावर पैसा मिळविलेला चालत होता. दोन सदरे मात्र त्याच्या अंगाला लागता कामा नयेत, असा हा नीतिनियम होता.

तो नियम आता बराच बदलला आहे. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यापारी वापराबद्दल मोबदला घेता येऊ लागला. शालेय पातळीवरही बहुसंख्य राज्यांनी, शाळेचे नाव व गणवेश वापरू नये अशा अटींवर, ती मुभा दिली आहे. २०२१ सालीच अटलांटा येथे निघालेल्या ‘ओव्हरटाइम एलिट’ या खासगी लीगने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना वर्षाला किमान एक लाख डॉलर वेतन देऊ केले. महाविद्यालयात २०२४ पासून खेळाडू, अभ्यासाच्या अटी पाळून, कितीही वेळा संस्था बदलू शकतो. २०२५-२६ या वर्षापासून महाविद्यालये स्वतःच खेळाडूंना मोबदला देऊ लागली असून त्यासाठी प्रत्येक संस्थेला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची वार्षिक मर्यादा आहे. वरच्या मजल्यावर एवढे पाणी साचल्यावर ते खालच्या मजल्यावर झिरपणारच. शालेय संघटना नियम सैल करीत आहेत त्या काही नव्या तत्त्वज्ञानाचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. जुना नियम राखण्याचे बळ त्यांच्यात उरलेले नाही, हे खरे कारण आहे.

दोन मुले, एक शाळा

शाळाबदल मुलाच्या हिताचा की अहिताचा, याचे उत्तर शिकागोतील दोन मुलांच्या आयुष्यात जितके स्पष्ट मिळते तितके क्वचितच कोठे मिळेल. विल्यम गेट्स आणि आर्थर अॅजी या गरीब वस्तीतील मुलांना त्यांचा खेळ पाहून उपनगरातील सेंट जोसेफ या खासगी शाळेत आणले गेले. आयझाया थॉमस हा विख्यात खेळाडू याच शाळेतला. मुले रोज जाऊन येऊन सुमारे तीन तासांचा प्रवास करीत. स्टीव्ह जेम्स यांनी या दोघांचा पाठपुरावा करून केलेला ‘हूप ड्रीम्स’ हा माहितीपट १९९४ मध्ये प्रकाशित झाला आणि अमेरिकेत त्यावर मोठी चर्चा झाली.

दोघांनाही शिष्यवृत्ती मिळाली ती अर्धवट. गेट्सचा खेळ शाळेच्या अपेक्षेप्रमाणे बहरला आणि त्याची उरलेली फी भरण्यास एक दाता उभा राहिला. अॅजीची प्रगती तेवढी झाली नाही. घरची मिळकत खालावली, फी थकली, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याला शाळा सोडावी लागली. तो आपल्या वस्तीतील मार्शल या सरकारी शाळेत परतला. थकबाकी राहिल्यामुळे आधीच्या अभ्यासाची नोंद मिळविण्यासाठीही त्याच्या कुटुंबाला झगडावे लागले. पुढे याच मार्शल शाळेने अॅजीच्या खेळावर १९९१ साली राज्यस्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला. गेट्स मात्र गुडघ्याच्या दुखापतीने मागे पडला. दोघेही महाविद्यालयापर्यंत पोहोचले. व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, दोघांपैकी कोणीही खेळला नाही.

या हकिकतीत कोणी खलपुरुष नाही. शाळेचेही अंदाजपत्रक असते आणि प्रशिक्षकाला सामने जिंकावयाचे असतात. परंतु व्यवहाराचे स्वरूप पाहावे. मुलगा चमकला तर लाभ शाळेचाही आणि मुलाचाही. मुलगा चमकला नाही तर तोटा एकट्या मुलाचा. अर्थशास्त्रात ज्याला जोखमीची वाटणी म्हणतात ती येथे पूर्णपणे एकतर्फी आहे, आणि जोखीम घेण्याची ऐपत ज्याच्यापाशी सर्वांत कमी त्याच्याच माथी ती मारलेली आहे.

हे धोके खास बास्केटबॉलसाठी उभ्या राहिलेल्या निवासी संस्थांमध्ये अधिक दिसतात. फ्लोरिडातील माँटव्हर्ड अकॅडमी, आयएमजी अकॅडमी किंवा व्हर्जिनियातील ओक हिल अकॅडमी यांनी अनेक नामवंत खेळाडू घडविले, हे निर्विवाद. मेन राज्यातील एका लहान गावचा कूपर फ्लॅग याने नववीत असताना, २०२२ मध्ये, आपल्या नोकोमिस शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले, मग तो माँटव्हर्डला गेला आणि २०२५ साली एनबीएच्या निवडीत पहिला ठरला. त्याचा निर्णय चुकीचा होता असे कोण म्हणेल? परंतु याच बाजारात नेव्हाडातील फिंडले प्रेप हाही संघ होता. एका मोटारविक्रेत्याच्या पैशावर २००६ मध्ये सुरू झालेला हा संघ काही काळ देशात अग्रेसर होता; ज्या शाळेशी तो जोडलेला होता तिने २०१९ मध्ये संबंध तोडताच तो संपुष्टात आला. त्याआधी, २००६ मध्येच, काही शाळांच्या गुणपत्रिका यापुढे ग्राह्य धरणार नाही असे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेला जाहीर करावे लागले होते, कारण तेथे खेळाडूंना गुण मिळत, शिक्षण मिळत नसे. यांतील अनेक नामांकित संघ राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत उतरतच नाहीत. मग तिचे नियम त्यांना लागू होणार कसे?

या वाटेने गेलेला एक मुलगा भारतातलाही आहे. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीतून २०१० साली, चौदाव्या वर्षी, आयएमजी अकॅडमीत गेला. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. देशभर आनंद झाला. परंतु त्या लीगच्या एकाही अधिकृत सामन्यात त्याला उतरता आले नाही. एवढ्या असामान्य गुणाच्या मुलाचीही वाट जर इतकी निसरडी, तर सामान्य गुणवत्तेच्या मुलाचे काय, हा विचार पालकांनी केलेला बरा. अमेरिकेतील शालेय खेळाडूंपैकी राष्ट्रीय संघटनेच्या महाविद्यालयीन संघांपर्यंत पोहोचतात ते सुमारे साडेतीन टक्के, आणि एनबीएच्या वार्षिक निवडीत साऱ्या जगातून जागा असतात फार तर साठ. शंभरांतील शहाण्णव मुलांच्या हाती शेवटी राहते ते फक्त शिक्षण.

न्यायालयाचा कौल

बोलावणाऱ्या शाळेला जाब विचारता येतो काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टेनेसीतील ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ साली आठवीतील काही मुलांना वसंतातील सरावाला येण्याचे निमंत्रण देणारे पत्र पाठविले. मुलांचा पुढील वर्षाचा प्रवेश ठरलेला होता. तरीही राज्य संघटनेने हे आमिष मानले. शाळेला चार वर्षे देखरेखीखाली ठेवले, ३,००० डॉलर दंड केला आणि तिच्या फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे अंतिम स्पर्धांतून वगळले. शाळेने भाषणस्वातंत्र्याचा दावा केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की, संघटना खासगी असली तरी तिचे काम सरकारी कामासारखेच असल्याने राज्यघटनेची बंधने तिला लागू आहेत. २००७ मध्ये मात्र मूळ मुद्द्यावर निकाल संघटनेच्या बाजूने लागला: जी शाळा स्वेच्छेने सभासद होते, तिला कोवळ्या वयाच्या मुलांवर खेळासाठी दबाव न आणण्याचा नियम पाळावाच लागेल.

या निकालाचे महत्त्व मोठे आहे. मुलावर बंधन न घालता बोलावणाऱ्यावर बंधन घालणे घटनेला संमत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. खेदाची गोष्ट एवढीच की, त्या प्रकरणातही शिक्षा झाली त्यात बास्केटबॉल संघ होता, ज्याचा त्या पत्राशी संबंध नव्हता. दंडाची रक्कम शाळेने भरावयाची; हंगाम मात्र मुलांचे जावयाचे. शिवाय मुलांना शाळेने किती काळ सांभाळावे, याविषयी नियम काहीच बोलत नव्हता.

मोकळीक पुरेशी आहे काय?

शाळाबदल मोकळा करावा असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. प्रशिक्षक अधिक पगारासाठी शाळा बदलतो तेव्हा त्याला कोणी वर्षभर घरी बसवीत नाही. गणितात किंवा संगीतात हुशार असलेल्या मुलाने चांगल्या शाळेत जावे याचे आपण कौतुकच करतो. मग उंच उडी मारता येणाऱ्या मुलानेच काय गुन्हा केला? आणि आमदारांनी पक्ष बदलला तर जनतेचा कौल बदलतो. विद्यार्थ्याने शाळा बदलली तर कोणाच्या कौलाचा भंग होतो? त्याला आयाराम-गयाराम म्हणणे अन्यायाचे आहे.

विरोधकांचीही बाजू ऐकली पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियात मोकळीक मिळाल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात फुटबॉलचे सामने कमालीचे एकतर्फी होऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. सहावी-सातवीपासून ज्या शाळेने व ज्या शिक्षकाने मुलाला घडविले, त्यांच्या हाती काही उरत नाही. तयार खेळाडू उचलणारी शाळा आयत्या बिळावरचा नागोबा ठरते. आणखी एक नुकसान कोणाच्या नोंदीत येत नाही. बाहेरून एक मुलगा आला की त्याच शाळेत चार वर्षे घाम गाळलेला एक मुलगा बाकावर जाऊन बसतो. त्याच्या पालकांनी कर भरलेला असतो, तो मुलगा रोज सरावाला आलेला असतो. पण त्याच्या बाजूने न्यायालयात कोणी जात नाही.

काही राज्यांनी मधले मार्ग शोधले. टेनेसीने १९९७ मध्ये आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांसाठी वेगळा विभाग करण्याचे ठरविले. इलिनॉयने खासगी शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून त्यांना वरच्या वर्गात खेळविण्याचा उपाय योजला. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडू विकला गेला की मूल्याचा पाच टक्के वाटा त्याला लहानपणी घडविणाऱ्या क्लबांना मिळतो. शाळांनाही तसा मिळावा असे सुचविणे सोपे आहे. परंतु तसे करणे म्हणजे शाळकरी मुलाला अधिकृतपणे किंमतीची चिठ्ठी चिकटविणे होय. हे सर्व उपाय शाळाशाळांमधील न्यायाचा विचार करतात. शाळा आणि मूल यांच्यामधील न्यायाचा विचार त्यांत नाही.

जोखीम बोलावणाऱ्याची

खरा उपाय त्या दुसऱ्या न्यायात आहे. मुलाने शाळा बदलावी की नाही हा निर्णय त्याच्यावर व पालकांवर सोडावा. परंतु जी शाळा खेळाडू म्हणून त्याला घेते, तिने बारावी पूर्ण होईपर्यंतच्या त्याच्या शिक्षणाची लेखी हमी दिली पाहिजे. गुडघा दुखावला, उंची वाढली नाही, प्रशिक्षक बदलला किंवा दुसरा अधिक चांगला मुलगा मिळाला, तरी फीसवलत कमी होता कामा नये. फीच्या थकबाकीपोटी अभ्यासाची नोंद अडवून ठेवण्यास सक्त मनाई असावी. एका हंगामात संघात किती नवे खेळाडू घ्यावेत यावर मर्यादा घालावी, म्हणजे बाकावरच्या मुलाचाही विचार होईल. आणि नियमभंग सिद्ध झाला तर बंदी प्रशिक्षकावर व संस्थाचालकांवर यावी, संघातील मुलांवर नव्हे. राज्य संघटनेबाहेरच्या निवासी संस्थांना ही हमी लागू करावयाची तर ते काम राज्याच्या शिक्षण खात्याने केले पाहिजे. सामन्यांचे वेळापत्रक आखणाऱ्या संघटनेच्या हाती ते ठेवून चालणार नाही.

यामुळे पळवापळवी थांबेल असे नाही. पण ती महाग होईल. आज एखाद्या मुलाला आणून पाहण्यास शाळेला फारसे काही पडत नाही, म्हणून दहा मुले आणून त्यांतील दोन ठेवणे परवडते. चार वर्षांची जबाबदारी गळ्यात पडणार असेल तर बोलावणारा दहा वेळा विचार करील, आणि ज्याला बोलावील त्याला अभ्यासातही उभे करण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ राहील. चांगल्या नियमाची खूण हीच असते की तो माणसाच्या सद्‌बुद्धीवर विसंबत नाही, तर स्वार्थालाच योग्य वळण लावतो.

महाराष्ट्रात शालेय खेळाभोवती अजून एवढा पैसा जमलेला नाही. परंतु शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी आहेत, खासगी अकादमी वाढत आहेत, दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, आणि आपल्या मुलाच्या अंगी गुण दिसताच त्याला दूरच्या शाळेत पाठविणारे पालकही आहेत. अशा पालकाने प्रवेशाच्या वेळी मैदानाची लांबी-रुंदी व प्रशिक्षकाची कीर्ती विचारावीच. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा. माझा मुलगा उद्या खेळू शकला नाही, तर या शाळेत त्याची जागा राहील काय? या प्रश्नाला जी संस्था लेखी उत्तर देईल तिलाच मुलाला बोलावण्याचा अधिकार आहे.